उन्हात स्लॅबचा माल घट्ट होतोय, पाणी वाढवू का?

प्रश्न: अकोल्यात मे महिन्यात एम २० दर्जाच्या काँक्रीटचा स्लॅब भरतोय, साइटवरच्या मिक्सरवर. कॉलमच्या वेळी घमेलं वर पोचेपर्यंत माल चिकट व्हायचा. मिस्त्री सरळ पाइप लावतो. म्हणतो, "साहेब, पातळ असला की कोपऱ्यात बसतो."

उत्तर: पाइप आधी बंद करा! पाण्याचं सिमेंटशी वजनी प्रमाण ०.५५ च्या वर नको. ५० किलोच्या गोणीला साडेसत्तावीस लिटर, वाळूतलं पाणी धरून. जादा पाणी उडून जातं, मागे पोकळ्या ठेवतं. सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल पातळ करणारं रसायन) घ्या, डब्यावरच्या मात्रेतच. जास्त झालं तर खडी खाली, पाणी वर.

उत्तर २: खडी आदल्या संध्याकाळी भिजवा, पहाटे सुरू करा. कोपऱ्यांसाठी व्हायब्रेटर, म्हणजे माल थरथरवून नीट बसवणारं यंत्र, असतो की!

प्रश्नकर्ता: व्हायब्रेटर ठरवला. मिस्त्री रुसलाय.