कस्तूर न्हाणीघरात नांदतो, मग रानजायफळच का रुजत नाही?

ओहोळाकाठचा: मंडळी, मी सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातला. आमच्या न्हाणीघराच्या वाशावर दर पावसाळ्यात शीळकरी कस्तूर पक्षी घरटं करतो. खाली शेवाळ नि चिखल पडतो, बोलणी मी खातो. पहाटे उजाडायच्या आत शीळ सुरू. उनाड पोरानं अर्धंच गाणं घोळवावं तशी. इकडे हेवाळे-बांबर्ड्याच्या राईतली रानजायफळाची, म्हणजे मायरिस्टिका मॅग्निफिकाची झाडं मात्र दलदल सोडून एक पाऊल पुढे यायला तयार नाहीत. कडेच्या वाटेवर पडलेल्या आठ बिया आणल्या, जांभ्याच्या कट्ट्यावर आठवडाभर कडक वाळवल्या, पिशव्यांत लावल्या. एकही उगवली नाही. माती चुकली का?

बॉटनीवाली: माती कशाला, ऊन नडलं! हे काय भाताचं बियाणं आहे? ओल गेली की आतला कोंब मेलाच. शिवाय यात नरझाड वेगळं, मादीझाड वेगळं. एखादं रोप जगलं तरी एकट्याला फळ कुठून धरणार? चिखलातून गुडघे वर काढल्यासारखी मुळं पाहिली असतील. चिखलात हवा खेळत नाही, म्हणून ती वर येतात. झाडाचा सगळा संसार त्या ओहोळाच्या पाण्यावर. कुणी बागायतीसाठी पाणी वळवलं की संपलं.

भेडशीचा बाबू: कस्तुराचं तसं नाही. खेकडा, गोगलगाय, बेडूक, किडा, फळ, काहीही चालतं. दगडाची कपार नाही मिळाली तर तुमचा वासा आहेच. म्हणून आययूसीएनच्या, म्हणजे जगभरच्या धोक्यातल्या जीवांच्या यादीत त्याची काळजी नाही आणि हे झाड 'धोक्यात'. झाडाचं बी कस्तुराच्या चोचीत मावत नाही, ते काम ककणेराचं, म्हणजे धनेश पक्ष्याचं. बीवरच्या जायपत्रीसाठी तो बी अख्खं गिळतो आणि लांब जाऊन टाकतो. ककणेराला ढोलीसाठी जुनी मोठी झाडं लागतात, ती तोडून आपण काजू लावले.
आणि काय हो, बी उचलताना देवाला गाऱ्हाणं घातलंत का? ती राई २०२१ पासून जैवविविधता वारसा स्थळ आहे. सगळी मिळून २.५९ हेक्टर.

ओहोळाकाठचा: नाही घातलं, चुकलंच. वाळवायची अक्कल घरातल्या जायफळाची. आता आधी गावकऱ्यांना विचारतो. हो म्हणाले तर ओल्या गोणपाटातूनच आणीन. वाशाखाली मात्र आजच फळी ठोकली, चिखल तिच्यावर पडू दे.