लाकडी रोलरकोस्टर शंभर वर्षं टिकतो, म्हणजे नक्की काय टिकतं?

भोसरीचा फॅब्रिकेटर
इमॅजिकाहून परतलेल्या एकाची पोस्ट वाचली. म्हणे, ‘नायट्रो झकास, पण स्टीलचा हा सांगाडा किती वर्षं राहणार? परदेशात लाकडी रोलरकोस्टर शंभरी ओलांडून धावतायत, स्टीलचे वीस वर्षांत भंगारात जातात.’ खाली वाह-वा करणाऱ्यांची रांग.

उभं आयुष्य स्ट्रक्चरल कामात गेलंय, त्यामुळे गप्प बसवत नाही. मेलबर्नच्या लूना पार्कमधली सीनिक रेल्वे ही लाकडी राइड १९१२ची, कबूल. पण तिच्यात १९१२च्या फळ्या कितीशा उरल्या असतील? या ट्रॅकमध्ये फळ्यांचे थर एकावर एक ठोकतात, वर पोलादी पट्टी बसवतात आणि चाकं धावतात ती त्या पट्टीवरून. कुजलेलं, सैल झालेलं लाकूड काढून नवं घालणं कायम चालूच असतं. न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंडच्या १९२७च्या सायक्लोन या कोस्टरला सगळे लाकडी म्हणतात. त्याचा ट्रॅक लाकडी, पण उभा सांगाडा पोलादी आहे! आणि नळीच्या पोलादी ट्रॅकचा पहिला कोस्टर, डिस्नेलँडचा मॅटरहॉर्न, १९५९चा. तो आजही चालू आहे. मग वीस वर्षांचा हिशेब कुठून काढला?

पेठेतला
किंगडा कावरून काढला. न्यू जर्सीतला स्टीलचा कोस्टर, १३९ मीटर उंच. २००५ला सुरू, २०२४ला बंद, २०२५च्या फेब्रुवारीत सुरुंग लावून आडवा केला.

फळ्या बदलतात यात लपवण्यासारखं काय आहे? दुरुस्त होतो म्हणूनच टिकतो. अमेरिकेत कॅरोलायनातल्या फ्युरी ३२५ या स्टीलच्या कोस्टरच्या खांबाला २०२३मध्ये आरपार तडा गेला. तो दिसला कुणाला? पार्कात फिरायला आलेल्या माणसाला! नवा खांब कारखान्यातून येऊन बसेपर्यंत राइड बंद. फळी बदलायला चांगला सुतार पुरतो.

भोसरीचा फॅब्रिकेटर
किंगडा का पोलाद सडलं म्हणून पाडलेला नाही. त्या जागी नवी राइड करायची होती, आणि गाडी वर फेकणारी त्याची हायड्रॉलिक यंत्रणा पहिल्यापासून डोकेदुखी होती. तुम्हाला लाकडाचंच उदाहरण हवंय तर सन ऑफ बीस्ट घ्या. २००० साली मोठ्या दिमाखात उघडला, २००६मध्ये लाकूड तडकून ट्रॅकला खड्डा पडला, माणसं जखमी झाली. २००९ला बंद, २०१२ला जमीनदोस्त. बारा वर्षं!

तड्याबद्दल बोलायचं तर डीपी, म्हणजे डाय पेनेट्रंट टेस्ट कधी पाहिलीत का? वेल्ड घासून साफ करायचा, लाल डाय लावायचा, थांबायचं, पुसायचा आणि वर पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा असेल तर पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटते. वेळच्या वेळी तपासलं तर पोलाद आधी सांगतं. न तपासणाऱ्याचा दोष पोलादाच्या माथी का?

तळखडा
लाकूडही सांगतं, ऐकणारा लागतो. नारायण पेठेत आम्ही भाड्याने राहायचो तो वाडा सागवानी खांबांचा, वर कडीपाट. मोरीचं पाणी वर्षानुवर्षं मुरलं आणि एका खांबाचं बूड तळखड्यावरच, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवरच, भुसभुशीत झालं. स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत जायचा. वरचा खांब मात्र खणखणीत! सुतार म्हणाला, बूड कापून नवा तुकडा सांधतो. मालक हो म्हणेना. पुढे वाडाच धोकादायक ठरवून उतरवला.

मालकाचा मुलगा
मालक हो म्हणेना, कारण भाडं किती येत होतं तेही लिहा ना! आमच्या वाड्यात वर्षाच्या सगळ्या भाड्यात एक सागवानी तुळई येत नव्हती. घरपट्टी आम्ही भरायची, कौलं आम्ही चाळायची, आणि वाडा पडला की खलनायकही आम्हीच.

तळखडा
मोरी आम्ही आमच्या पैशाने करून घेतो म्हणालो होतो. तरी परवानगी नाही. बिल्डर आधीच येऊन गेला होता, हे सगळ्या आळीला माहीत होतं.

मालकाचा मुलगा
आमच्या वडिलांना ओळखत नसताना काहीही बोलू नका. कुणी मोरी करून दिली की दुसऱ्या दिवशी जागेवर हक्क सांगायचे, असे अनुभव घेतलेत आम्ही.

पेठेतला
अहो, दोघंही जरा थांबा. लीप-द-डिप्स हा लाकडी कोस्टर पेनसिल्व्हेनियातला, १९०२चा. १९८५ला बंद पडला, लोकांनी पैसे उभे करून दुरुस्त केला आणि १९९९ला पुन्हा सुरू. इंग्लंडमधल्या मार्गेटची १९२०ची लाकडी सीनिक रेल्वे २००८च्या आगीत होरपळली, २०१५ला परत धावली. किंगडा काला कुणी असं उठवणार आहे का?

भोसरीचा फॅब्रिकेटर
आणि १९२०च्या दशकात अमेरिकेत शेकड्यांनी उभारलेले बाकीचे कुठे गेले? मंदीत बहुतेक पाडले. उरलेल्या चार-दोघांवरून लाकडाचं आयुष्य मोजताय तुम्ही. आगीचं म्हणाल तर शनिवारवाडा बघून या: १८२८ला आतलं सगळं लाकूडकाम जळालं, दगडी तट आणि जोती राहिली.

दुरुस्तीला लाकूड सोपं, एवढं मान्य करतो. नाइलाजाने. पण दरसाल नवं लाकूड घालून शंभर वर्षं मोजायची असतील, तर माझ्या पोलादालाही नवे खांब, नवा ट्रॅक घालू द्या आणि मग मोजा.

पेठेतला
घाला की! पण घालतं कोण? मॅटरहॉर्नसाठी डिस्नेची तिजोरी आहे. लहान पार्कांना परवडतो तो सुतारच.

तळखडा
सुतार आम्हालाही परवडत होता.

मालकाचा मुलगा
परत तेच!