जीभ साफ करता का? कशी करता? (अनुभव, युक्त्या, चुका)

पाणकोंबडी: टूथब्रशच्या पाठीवरची खरखरीत पट्टी बघून शाळेतला 'दात घासा, चूळ भरा' तक्ता आठवला. जिभेचं नावच नव्हतं त्यात! तर कोण काय वापरतं, कसं वापरतं, लिहा. पोट साफ करायचे उपाय नकोत. बहुतेकदा तोंडाच्या वासाचं मूळ तोंडातच असतं.

निशाचर: सगळे पुढचा भाग घासतात. तो बोलता-खाताना टाळूला लागून तसाही साफ होतो. खरा थर मागच्या एक तृतीयांश भागात. तिथल्या खाचांत ऑक्सिजन नसतानाही जगणारे जिवाणू लाळेतली आणि मेलेल्या पेशींतली प्रथिनं फोडतात, त्यातून गंधकाचे वायू निघतात. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड.

चूळभर: जीभ पूर्ण बाहेर काढा, क्लीनर (जीभ घासायची चपटी पट्टी) सोसेल तितका मागे ठेवा, हलक्या हाताने पुढे ओढा. फक्त मागून पुढे, करवत चालवायची नाही. दर ओढीला धुवा. मधोमध ४-५, कडांना एकेक. चुरचुरलं किंवा रक्त आलं तर दाब जास्त झाला. आणि जीभ गुलाबी होईपर्यंत हट्ट नको, थोडा पांढुरका थर असतोच.

खारूताई: उमासे येतात हो. मागे जातच नाही

चूळभर: @खारूताई जेवणाआधी करा, ओढताना नाकाने सावकाश श्वास सोडा. ब्रशचं डोकं उंच असतं, टाळूला लागतं. चपटी पट्टी कमी त्रास देते. रोज थोडं थोडं मागे सरका.

उंटावरचा: ब्रशनेही काम होतं, उगाच खर्च कशाला

निशाचर: होतं, पण पट्टीने जरा जास्त निघतं. फरक फार मोठा नाही. दोन्हींचा परिणाम काही तासांचाच, म्हणून रोज करायचं.

दंतकथा: जीभ चकाचक आणि दातांच्या फटीत कालचं जेवण, मग काय उपयोग! मागच्या दाढांतून फ्लॉस (फटी साफ करायचा दोरा) काढा, अर्धा मिनिट थांबा, हुंगा. वास आला तर काम तिथे आहे. हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी दंतवैद्य, मग माउथवॉश.

पाणकोंबडी: हुंगा 😂😂

दंतकथा: हसा. तळहातावर फुंकर मारून काही कळत नाही, त्यापेक्षा हे बरं.

सावळागोंधळ: माउथवॉश झिंकवाला बघा, झिंक गंधकाच्या वायूंना बांधून ठेवतं. अल्कोहोलवाल्याने काहींचं तोंड कोरडं पडतं. क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक) असलेला माउथवॉश डॉक्टरांनी सांगितलं तरच आणि तितकेच दिवस. जास्त दिवस वापरलं तर दात-जीभ तपकिरी, चवही बिघडते. आणि पेस्टनंतर लगेच नको, पेस्टमधला फेसाचा घटक त्याचा जोर मारतो. अर्धा तास जाऊ द्या.

मिठू: सकाळीच इतका वास का मग? रात्री घासूनही??

निशाचर: झोपेत लाळ अगदी कमी होते. तोंड उघडं टाकून झोपलं तर आणखी कोरडं. ॲलर्जीच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनीही लाळ आटते. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

खारूताई: आजोबांच्या कवळीचं काय? कितीही पेस्ट लावा, वास आहेच

दंतकथा: पेस्टने कवळीवर बारीक ओरखडे पडतात, त्यात घाण बसते. सौम्य साबण, मऊ ब्रश, आतली बाजूही घासायची. रात्री काढून पाण्यात ठेवा. उकळतं पाणी नको, आकार बिघडतो. काढल्यावर आजोबांच्या हिरड्या, टाळू आणि जीभही पुसून घ्या.

उंटावरचा: लसूण खाल्ल्यावर घासून घासून दमलो तरी जात नाही

सावळागोंधळ: जाणार नाही. तो रक्तात जाऊन फुप्फुसांतून बाहेर येतो. समोरच्यालाही लसूण खायला घाला 😄

मिठू: घशातून पांढरे कुबट खडे निघतात ते पण जिभेचेच का

दंतकथा: नाही, ते टॉन्सिलच्या खाचांतले. पिन, टोकदार काही घालू नका, मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या. वारंवार होत असतील तर कान-नाक-घसावाले. जिभेवरचा पांढरा किंवा लाल डाग दोन आठवड्यांत गेला नाही तर तोही दाखवायचा, खरवडत बसायचं नाही.

खारूताई: आजोबा म्हणतात रात्री कवळी काढली तर स्वप्नात बोलता येत नाही 🙄