शब्दचर्चा : ‘पेशी कमी’, ‘ताप’, ‘प्रतिकार’ आणि केमोनंतरचा जंतुसंसर्ग

चौकस : रुग्णांना द्यायच्या एका पत्रकात ‘फेब्राइल न्यूट्रोपेनिया’साठी (म्हणजे रक्तातले न्यूट्रोफिल कमी झालेले असताना आलेला ताप) ‘ज्वरयुक्त श्वेतपेशीन्यूनता’ असं छापलंय. हा शब्द चालेल का? याहून सोपा काही आहे का?

मात्रा : जड आहेच, शिवाय चुकीचाही आहे. न्यूट्रोफिल ही पांढऱ्या पेशींतली एक जात. एकूण पांढऱ्या पेशी 1,800 आणि न्यूट्रोफिल 22 टक्के असतील, तर न्यूट्रोफिल भरतात 396. धोक्याची रेघ 500 ची : त्याखाली गेलं की धोका. आज आकडा त्याहून वर असला, पण पुढच्या 48 तासांत खाली जाईल अशी चिन्हं असली, तरी तेच. म्हणजे नुसत्या एकूण आकड्यावरून काही ठरत नाही, हा गुणाकार करावाच लागतो.

‘पेशी कमी झाल्या’ असं तर मुळीच लिहू नका. डेंग्यूमुळे आपल्याकडे ‘पेशी’ म्हणजे प्लेटलेट हे घट्ट बसलंय. घरचे लोक पपईच्या पानांचा रस शोधत बसतील आणि इकडे ताप चढत राहील. वॉर्डात ‘काउंट पडलाय’ म्हणतात, पण तिथेही कुठला काउंट ते सांगावंच लागतं. ‘न्यूट्रोफिल’ हाच शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी’ असं लिहा.

सुमेधा : ‘ज्वर’ही काढा. आपल्याकडे कणकण, कसकस, अंग मोडून येणं, हुडहुडी भरणं असे किती शब्द आहेत! माणूस फोनवर ‘थोडी कणकण आहे’ एवढंच सांगतो आणि ऐकणाऱ्याला ते किरकोळ वाटतं. इथे आकडाच हवा : तोंडात मोजून एकदा 101 फॅरनहाइट, किंवा 100.4 तासभर टिकला, तर तो ताप. आधी पॅरासिटामॉल घेतलं की आकडा दबतो. स्टेरॉइड चालू असतील तरी दबतो. म्हणून ‘आधी मोजा, मग फोन करा, गोळी विचारून घ्या’ हा क्रम छापायलाच हवा. थंडी वाजून हुडहुडी भरली, तर आकडा कमी असला तरी निघायचं.

आणखी एक. ‘पू नाही, म्हणजे इन्फेक्शन नाही’ हे इथे लागू पडत नाही. पू मुख्यतः न्यूट्रोफिलचाच बनतो. तेच नसतील तर जखम कोरडी दिसते, सुरुवातीला एक्स-रेही स्वच्छ येऊ शकतो. पुष्कळदा ताप हीच एकमेव खूण.

चौकस : ‘एम्पिरिकल’ला पत्रकात ‘अनुभवजन्य’ आहे.

मात्रा : वाचणाऱ्याला वाटेल, रुग्णाला आलेला अनुभव. ‘जंतू कळण्याआधीचा उपचार’ असं सरळ लिहा, कारण घडतं तेच. रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) लावतात : दोन संच, प्रौढांत दर बाटलीत साधारण 10 मिलिलिटर; पोर्ट किंवा सेंट्रल लाइन (औषधासाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी) असेल तर एक संच तिथून, दुसरा हाताच्या शिरेतून. बाटलीत रक्त कमी पडलं की जंतू असूनही कल्चर कोरं येतं. रक्त घेतल्याबरोबर अँटिबायोटिक, रुग्ण दारात आल्यापासून तासाभरात. रिपोर्टची वाट पाहायची नाही. सुडोमोनास या चिवट जंतूलाही गाठेल असं औषध निवडतात : सेफेपिम 2 ग्रॅम दर 8 तासांनी, किंवा पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम 4.5 ग्रॅम दर 6 तासांनी. गरजेप्रमाणे मेरोपेनेम 1 ग्रॅम दर 8 तासांनी. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा बदलते. व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक सरसकट देत नाहीत. लाइनचा संसर्ग, त्वचेचा संसर्ग, न्यूमोनिया किंवा रक्तदाब घसरलेला असेल तर.

सुमेधा : ‘हायर अँटिबायोटिक’ या बोलीबद्दलही लिहायला हवं. त्यात शिडी दिसते : वरच्या पायरीचं ते जास्त चांगलं. मग कल्चरप्रमाणे औषध बदललं की नातेवाईक विचारतात, ‘हलकं का दिलं?’ ते हलकं नसतं, नेमकं असतं. ‘नेमक्या जंतूवरचं औषध’ म्हटलं की शंका उरत नाही.

बोरू : माझा आक्षेप ‘प्रतिकार’वर. एकाच परिच्छेदात ‘रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी’ आणि ‘जंतूंचा औषधाला प्रतिकार’. वाचणाऱ्याला वाटतं, औषधाची सवय रुग्णाच्या शरीराला झाली. माणसासाठी ‘प्रतिकारशक्ती’ ठेवा आणि जंतूसाठी ‘हे औषध या जंतूला मारत नाही’ असं पूर्ण वाक्य. ‘प्रतिरोध’ कागदावर वेगळा दिसतो, कानाला तसाच लागतो.

‘प्रतिजैविक’ शब्द मला प्रिय आहे, पण कॅन्सरच्या पत्रकात तो फसवतो. डॉक्सोरुबिसिन, ब्लिओमायसिन, मायटोमायसिन ही केमोची औषधंसुद्धा पुस्तकांत अँटिबायोटिकच्या वर्गात असतात, कारण ती स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जीवाणूंपासून मिळाली. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेतून 1940 मध्ये अ‍ॅक्टिनोमायसिन आलं, 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन. पहिलं पुढे कॅन्सरवर वापरात आलं, दुसरं क्षयावर. उगम एक, काम वेगळं. केमोचं लाल औषध (डॉक्सोरुबिसिन) तापावर चालत नाही. म्हणून पत्रकात ‘जंतूंवरचं औषध (अँटिबायोटिक)’ असं लिहा.

चौकस : मग मथळा असा करतो : ‘केमोनंतर ताप आला तर’. खाली 101 आणि 100.4 मोठ्या अक्षरांत.

सुमेधा : छान. त्याखाली ‘काखेत मोजलेला ताप कमी भरतो’ हेही घाला, आणि गुदद्वारातून ताप मोजू नये हे ठळक. तिथलं अस्तर खरचटलं तर आतड्यातले जंतू थेट रक्तात जातात. तोंड आलं असेल आणि थर्मामीटर धरवत नसेल, तर कुठे मोजायचं ते वॉर्डात आधीच विचारून ठेवा, अशी एक ओळ लागेल.