मदत हवी आहे: फक्त डेस्कटॉपवर नेट नाही

रोजमेळ:
कालपासून घरच्या डेस्कटॉपवर नेट बंद. लॅपटॉप, मोबाइल व्यवस्थित चालू. डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारा सर्व्हर) ८.८.८.८ होता, तो काढून १.१.१.१ टाकला, केबल बदलली, दोनदा रीस्टार्ट केलं. उद्या २० तारीख, जीएसटीचं रिटर्न जीएसटीआर-३बी भरायचंय. प्लीज लवकर सांगा.

पाणकणीस:
आयपी (नेटवर्कमधला कॉम्प्युटरचा पत्ता) स्टॅटिक, म्हणजे हाताने भरलेला, आहे की ऑटोमॅटिक, म्हणजे राउटरने दिलेला? आयपी, सबनेट (नेटवर्कची हद्द), गेटवे (राउटरचा पत्ता) तिन्ही लिहा.

तांबडमाती:
डीएनएसच असणार. माझ्याकडे हुबेहूब हेच झालं होतं. ९.९.९.९ टाका आणि डीएनएस फ्लश करा (साठवलेल्या जुन्या नोंदी पुसा).

रोजमेळ:
१९२.१६८.१.५०, २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१. दोन वर्षं हेच आहे, मी काही बदललं नाही. ९.९.९.९ ने फरक पडला नाही.

जुनाखांब:
स्टॅटिक आयपीचे इंटरनेट कंपनीला वेगळे पैसे भरावे लागतात. 

पाणकणीस:
तो पब्लिक, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरचा आयपी, इथे घरातल्या आयपीचं चाललंय. रोजमेळ, गेटवेला पिंग करा, म्हणजे तिथून उत्तर येतं का बघा.

तांबडमाती:
काही राउटर पिंगला उत्तरच देत नाहीत. त्यावरून डीएनएसचा दोष नाही असं ठरत नाही.

रोजमेळ:
'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' येतंय.

पाणकणीस:
@तांबडमाती, पिंग अडवलं असतं तर 'टाइम्ड आउट' आलं असतं. इथे त्या पत्त्यावर कुणी सापडतच नाहीये.

माळरान:
लॅपटॉपवर नेट आहे ना? मग तिथूनच भरा की रिटर्न.

रोजमेळ:
टॅलीचा (हिशेबाचं सॉफ्टवेअर) सगळा डेटा डेस्कटॉपवर आहे हो. लॅपटॉपवरून तोच उघडते, म्हणून तर स्टॅटिक ठेवलाय. काल नवा राउटर बसवला तेव्हापासून तेही बंद.

पाणकणीस:
अहो, राउटर बदलला हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! लॅपटॉपवर गेटवे काय दिसतो?

रोजमेळ:
१९२.१६८.०.१

पाणकणीस:
सापडलं. नव्या राउटरचं नेटवर्क १९२.१६८.०.x आहे, डेस्कटॉप अजून जुन्या १९२.१६८.१.x मध्ये बसलाय. आयपी आणि डीएनएस दोन्ही ऑटोमॅटिक करा. रिटर्न झाल्यावर राउटरच्या डीएचसीपीमध्ये (आपोआप पत्ते वाटायची सोय) ॲड्रेस रिझर्व्हेशन शोधा आणि डेस्कटॉपचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) टाकून त्याला १९२.१६८.०.५० बांधून द्या. पत्ता कायम राहील आणि विंडोजमध्ये हाताने काही भरावं लागणार नाही.

तांबडमाती:
तरी डीएनएस ९.९.९.९ च ठेवा.

रोजमेळ:
नेट आलं!! खूप आभार. लॅपटॉपवर टॅली मात्र अजून उघडत नाही.

पाणकणीस:
लॅपटॉप डेस्कटॉपला जुन्या १.५० वरच शोधतोय. लॅपटॉपवर मॅप केलेला ड्राइव्ह (डेस्कटॉपच्या फोल्डरची जोडणी) काढून नव्या पत्त्याने जोडा, पण रिझर्व्हेशन केल्यावरच. आधी रिटर्न भरा.