मदत हवी आहे: ३८ दिवसांची मुलगी पालथीच शांत झोपते, उताणी ठेवली की दचकून उठते

नमस्कार मंडळी. पहिलंच बाळंतपण, सध्या माहेरी, गोव्यात वाळपईजवळ आहे. सासर म्हापशाला. मुलगी ३५व्या आठवड्यात झाली, वजन २ किलो १०० ग्रॅम. पहिले नऊ दिवस ती काचेच्या पेटीत होती. आता ३८ दिवसांची आहे, अंगावरच पिते, वजन २ किलो ९०० झालंय. डॉक्टर खूश आहेत.

प्रश्न झोपेचा आहे. उताणी ठेवली की पाच मिनिटांत दोन्ही हात वर उडवते आणि रडत उठते. पालथी ठेवली की दोन-दोन तास हूं नाही की चूं नाही. न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशीसुद्धा कौतुकाने म्हणतात, "भुरगें कशें शांत न्हिदलां पळय!" (बाळ कसं शांत झोपलंय बघ!) पेटीत असताना तिला बरेचदा पालथीच ठेवलेली मी पाहिली, आईनेही पाहिली. त्यामुळे आईचं म्हणणं, "दवाखान्यातच तशी निजवत होते, त्यांना काय कळत नव्हतं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी सोडताना कागदावर औषधांच्या वेळा लिहून मिळाल्या, झोपण्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

मग परवाची रात्र. पाऊस कोसळत होता, तीनच्या सुमारास वीज गेली. पंखा बंद झाल्यामुळे मला जाग आली. मोबाईलचा उजेड पाडला तर तिचं तोंड पूर्ण गादीत. एका कुशीला वळवून ठेवलेली मान सरळ झाली होती आणि नाक कापसाच्या मऊ गादीतल्या खळग्यात रुतलं होतं. खाली दुधाचा ओला डाग, जावळ घामाने चिकटलेलं. मी उचलली तेव्हा तिने एक मोठा श्वास घेतला आणि पुन्हा झोपली. झालं काहीच नाही. पण उजाडेपर्यंत मी तिला मांडीवर घेऊन बसून होते, आणि तेव्हापासून मला झोप येत नाही.

घरात तीन मतं आहेत. आई म्हणते, पालथं ठेवलं की पोटातला वारा सरतो. नवरा फोनवर सांगतो की कुशीवर ठेव आणि पाठीला छोटा लोड लाव. आजी ८१ वर्षांची, ती म्हणते, "आम्ही पोरांना उताणीच निजवायचो गो, दुपट्यात बांधून, डोक्याखाली मोहरीची उशी." ती उशीही बारशाला मावशीने शिवून आणलीय. साडीची झोळी बांधायला तुळईला दोर तयार आहे.

मला खरी भीती दुधाची आहे. ती प्यायल्यावर थोडं बाहेर काढते. उताणी असताना ते श्वासनलिकेत गेलं तर? आणि आईला न दुखावता कसं सांगू? ती रात्री दोनदा उठून माझ्या लेकीला बघते. तिच्याइतकं कुणी करत नाही.

प्रतिसाद: अबोली

ताई, मी नवजात बाळांच्या विभागात चौदा वर्षं परिचारिका आहे. आधी तुमच्या आईंच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे.

पेटीतल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आम्ही पालथं ठेवतो, कारण त्या अवस्थेत त्याला श्वास घ्यायला सोपं जातं. पण तेव्हा त्याच्या पायाला ऑक्सिजन मोजणारी तार असते, ठोके दाखवणारं यंत्र असतं, जरा आकडा खाली आला की भोंगा वाजतो आणि आमच्यापैकी कुणीतरी धावतं. तुमच्या घरी रात्री तीनला ते यंत्र नाही, वीजसुद्धा नव्हती. बाळ स्थिरावलं की घरी जाण्याच्या बरंच आधी त्याला उताणं झोपायची सवय लावायची असते, आणि घरच्यांना तसं सांगायचंही असतं. तुम्हाला सांगितलं गेलं नाही याचं मला वाईट वाटतं.

आता दूध. बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनलिका वरच्या बाजूला आणि अन्ननलिका तिच्या खाली असते. वर आलेलं दूध श्वासनलिकेत जायचं तर त्याला वर चढावं लागेल. निरोगी बाळ ते गिळतं किंवा बाहेर टाकतं. पालथं केलं की हे उलटं होतं, श्वासनलिका खाली येते. म्हणजे ज्या भीतीने आपण पालथं करतो ती भीती पालथ्यातच जास्त. दूध काढणाऱ्या बाळांनाही उताणंच, सपाट जागेवर. डोक्याकडची बाजू उंच करायची नाही.

आणि ती पालथी शांत झोपते, तीच काळजीची गोष्ट आहे. पालथं बाळ जास्त गाढ झोपतं आणि अडचण आली तरी चटकन जागं होत नाही. मऊ गादीत नाक गेलं की स्वतःचाच सोडलेला श्वास पुन्हा आत घेत राहतं. धडधाकट बाळं झोपेत अचानक दगावण्याचा धोका दोन ते चार महिन्यांच्या दरम्यान सर्वांत जास्त असतो, आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्यांना तो आणखी असतो. तुमची मुलगी त्या काळात आता शिरतेय.

एके काळी पाश्चात्त्य देशांतले डॉक्टरच पालथं झोपवायला सांगत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने (अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स) १९९२ मध्ये ते थांबवा असं सांगितलं, १९९४ पासून तिथे घरोघरी प्रचार झाला, आणि पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. नवं औषध नाही, नवी लस नाही, बाळं उताणी झाली एवढंच. तुमच्या आजी बरोबर होत्या. फक्त मोहरीची उशी नको. उशी, लोड, मऊ बाहुली, जाड गोधडी, यातलं काहीच बाळाजवळ नको.

कुशीवरही नको. कुशीवरचं बाळ सहज पालथं होतं, आणि लोड सरकून तोंडावर येतो.

प्रतिसाद: शेवंती

झोळी दिवसा, समोर बसून, जागं असताना खेळवायला ठीक. रात्रीच्या झोपेला नको. कापडात बाळ वाकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो. एवढ्या लहान बाळाची मान ते सावरू शकत नाही.

आणि एक विचारते, रागावू नका. रात्री पाजताना तुम्ही कुठे बसता? बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर डोळा लागणं फार धोक्याचं. माझा लागला होता. सासूबाईंनी वेळेवर पाहिलं.

प्रतिसाद: झरीकाठ

आमचा मुलगाही ३४ आठवड्यांचा. हाच दचकण्याचा त्रास. आम्ही काय केलं ते लिहितो.

ठेवताना आपण आधी डोकं टेकवतो आणि हात काढून घेतो, तेव्हा बाळाला पडल्यासारखं वाटतं आणि हात उडतात. आधी ढुंगण टेकवा, मग पाठ, शेवटी डोकं. नंतर तुमचा तळवा तिच्या छातीवर मिनिट-दोन मिनिटं तसाच राहू द्या. हळूच काढा. पहिले तीन दिवस मला दर वेळी तीन-चार प्रयत्न लागले.

मलमलच्या पातळ कापडात हात गुंडाळून ठेवले तर बरं झोपतात. पण छातीवर घट्ट नको, दोन बोटं आत जायला हवीत. पाय मात्र मोकळे, गुडघे बेडकासारखे दुमडता आले पाहिजेत. घट्ट सरळ बांधले तर खुब्याला त्रास होतो. गुंडाळलेलं बाळ कधीही पालथं ठेवायचं नाही, आणि कुशीवर वळायची खटपट सुरू झाली की गुंडाळणं त्याच दिवशी बंद.

आपल्याकडच्या दमट हवेत एक पातळ झबलं पुरतं. झोपताना टोपरं, मोजे काढून ठेवा, बाळाचं अंग डोक्यावाटे थंड होतं. गरम होतंय का ते मानेच्या मागे हात लावून कळतं, हातापायांवरून नाही. धुरीही खोलीत नको. आमच्या घरी वावडिंग-ओव्याची धुरी बंद करायला आठवडा गेला, पण डॉक्टरांनी आईला स्वतः सांगितल्यावर तिने ऐकलं. तुमच्याही आईंना पुढच्या तपासणीला सोबत न्या आणि हा प्रश्न त्यांनाच विचारू द्या.

धागाकर्तीचा प्रतिसाद, सहा दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. अबोली ताई, तुमचं उत्तर मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. यंत्र आणि भोंग्यापाशी ती थांबली आणि म्हणाली, "हो, वाजायचा तो. मी ऐकलाय." त्यानंतर वाद झालाच नाही. उलट दुसऱ्या दिवशी तीच मावशींना सांगत होती.

बाबांनी डिचोलीहून काथ्याची पातळ कडक गादी लाकडी पाळण्याच्या मापाने कापून आणली. वर एकच चादर, चारी बाजूंनी खाली खोचलेली. पाळणा हलू नये म्हणून पायांना पाचरी मारल्यात आणि तो माझ्या खाटेला लागून ठेवलाय. हात लांबवला की ती लागते. पाजायला उठून बसते, सोफ्यावर जात नाही.

वाऱ्यासाठी पाजल्यावर खांद्यावर उभी धरतो. आणि पालथी? ती आता फक्त जागी असताना, दिवसातून तीनदा, आईच्या मांडीवर दोन-तीन मिनिटं. आईला ते काम फार आवडलंय. "डोकं चपटं होईल" ही तिची शंका होती, म्हणून रात्री झोपवताना आज डोकं खिडकीकडे, उद्या दाराकडे ठेवतो.

पहिल्या दोन रात्री कठीण गेल्या. काल रात्री सव्वा वाजल्यापासून साडेतीनपर्यंत झोपली, उताणी. हात अर्धवट वर, मुठी कानांशी.

एकच विचारायचंय. झोपेत ती मध्येच पाच-सहा सेकंद श्वास थांबवल्यासारखी करते, मग भराभर घेते. हे चालतं का?

प्रतिसाद: अबोली

पाच ते दहा सेकंदांचा असा खंड या वयात, विशेषतः लवकर जन्मलेल्या बाळांत, नेहमी दिसतो. पण खंड वीस सेकंदांच्या आसपास गेला, ओठ किंवा चेहरा निळसर पडला, अंग ढिलं पडलं, किंवा श्वास घेताना कण्हत असेल आणि बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर वाट बघू नका. १०८ ला फोन आणि पाठीवर चोळून उठवायचा प्रयत्न, दोन्ही एकदम करा. एकाने फोन, एकाने बाळ. आईंनाही आजच सांगून ठेवा कोण काय करणार ते. आणि हे खंड पुढच्या तपासणीत डॉक्टरांच्या कानावर घाला, जमलं तर मोबाईलवर एखादं चित्रण करून न्या.