अल्टिमेट म्हणजे फक्त दोन भाऊ? आणि ते मौनव्रत

टेपवाला: स्पेक्ट्रमवर (ऐंशीच्या दशकातला ब्रिटिश घरगुती कॉम्प्युटर) खेळलेल्यांना अल्टिमेट प्ले द गेम सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात, 1982 मध्ये इंग्लंडच्या ॲशबी-द-ला-झूश गावात निघालेली गेम कंपनी, जेटपॅक, ॲटिक अटॅक, सेबर वुल्फ, नाइट लोर, एकामागोमाग एक हिट, पुढे हीच मंडळी रेअर नावाची गेम कंपनी झाली. आता कोणालाही विचारा, "टिम आणि ख्रिस स्टॅम्पर" एवढंच उत्तर येतं. अरे सुरुवात चौघांनी केली होती ना! ख्रिसचा कॉलेजमधला मित्र जॉन लॅथबरी कोडिंगला आणि कॅरल वॉर्ड (पुढे टिमची बायको) टिमबरोबर ग्राफिक्सला. पण मुलाखती नाहीत, बॉक्सवर माणसांची नावं नाहीत, स्क्रीनवर नुसतं ए.सी.जी. (ॲशबी कॉम्प्युटर्स अँड ग्राफिक्स, कंपनीचं कागदोपत्री नाव). माझं स्पष्ट मत, हा साधेपणा वगैरे काही नव्हता, ठरवून केलेलं मार्केटिंग होतं आणि त्यात दोघांचं श्रेय गेलं.

झेड80चा_भक्त: काहीही हं. 1988 च्या मुलाखतीत भावांनी सांगितलंय की आठवड्याचे सातही दिवस काम, सकाळी आठपासून मध्यरात्र उलटेपर्यंत, सुट्टी काय तर ख्रिसमसच्या दोन सकाळी. अशा माणसाने मासिकवाल्यांना चहा पाजत बसायचं का?

टेपवाला: बॉक्सवर चार नावं छापायला किती वेळ लागतो?

सौ. पिक्सेल: टेपवाल्यांशी सहमत, आणि हे लोक किती हिशेबी होते त्याचा पुरावा नाइट लोर. 1984 मध्ये तो सेबर वुल्फच्या आधीच तयार होता, पण लोकांनी तो पाहिला तर सेबर वुल्फ कोणी घेणार नाही म्हणून दाबून ठेवला, हे त्यांनीच सांगितलंय. वर सेबर वुल्फपासून किंमत साडेपाच पौंडांवरून 9.95! एवढं डोकं चालवणारी माणसं गप्प राहिली ती काय वेळ नव्हता म्हणून?

झेड80चा_भक्त: धंदा होता हो तो, देवळातलं कीर्तन नव्हे. आणि नाइट लोर बघून मग बोला. स्पेक्ट्रमवर आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकटीत दोनच रंग बसायचे, त्यामुळे दोन आकृत्या जवळ आल्या की रंगांचा चिखल. यांनी काय केलं, खोलीभर एकच रंग ठेवला आणि सगळी ताकद मास्किंगवर लावली, म्हणजे गेमचा नायक सेबरमन ठोकळ्यामागे गेला की खरंच मागे गेलेला दिसतो. खूप वस्तू एकदम हलल्या की गेम रांगायला लागतो ते मान्य. पण पुढे बॅटमॅन काय, हेड ओव्हर हील्स काय, नंतरचे असे गेम सगळे त्याच वाटेने गेले.

टेपवाला: गेम भारीच, वाद त्यावर नाहीये. तो कोड एकट्या ख्रिसचा की लॅथबरीचाही हात, हे तुम्ही बॉक्स बघून सांगू शकता का? तिथेच तर घोडं अडतंय.

कोल्हापुरी_जॉयस्टिक: आपल्याकडे बॉक्स कोणी बघितलावता रे 😂 डेसिबेल्स कंपनीचा डीबी स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे भारतातला स्पेक्ट्रम, 1986 ला आला, बऱ्याच जणांकडे गेम यायचे ते कोऱ्या कॅसेटवर, वर बॉलपेनने नाव. त्या लोकांनी नावं छापली असती तरी आपल्याला कुठून कळणार होती.

रात्रपाळी: मला उलट वाटतं, गप्प राहिले म्हणूनच टिकले. त्याच काळात लिव्हरपूलची इमॅजिन ही गेम कंपनी बघा, महागड्या गाड्या, न आलेल्या मेगागेमच्या जाहिराती, आणि 1984 मध्ये दिवाळं निघालं ते बीबीसीच्या कॅमेऱ्यासमोर. किंवा मॅन्यूक मायनरवाला मॅथ्यू स्मिथ, पोरगं स्टार झालं आणि पुढच्या गेमची अपेक्षा सगळी त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. (मॅनिक मायनर. मोबाईलचा कीबोर्ड.) अल्टिमेटवाल्यांना कोणी ओळखतच नव्हतं, त्यामुळे ते शांतपणे निनटेन्डोकडे वळू शकले.

सौ. पिक्सेल: इमॅजिन बुडाली ती पैसे उधळून, नावं छापून नाही. आणि तुमच्या गप्प राहण्याचा फटका गिऱ्हाइकाला कसा बसला बघा. अल्टिमेट हे नाव यूएस गोल्ड या गेम प्रकाशकाला विकल्यावर 1987 मध्ये त्याच लोगोखाली मार्शियनॉइड्स आणि बबलर हे गेम आले. अगदीच सुमार. बॉक्सवर माणसांची नावं असायची पद्धत असती तर दुकानातच कळलं असतं की जुनी टीम यात आहे की नाही. लोकांनी लोगोवर भरवसा ठेवून पैसे टाकले.

झेड80चा_भक्त: ते पाप यूएस गोल्डचं.

सौ. पिक्सेल: नाव विकलं कोणी?

रात्रपाळी: विकणारच ना, रेअरला पैसा लागत होता आणि ब्रिटिश होम कॉम्प्युटरच्या बाजारात फुकट कॉपीने सगळ्यांचंच कंबरडं मोडलेलं. त्याचं फळ काय ते 2002 मध्ये दिसलं, मायक्रोसॉफ्टने रेअर घेतली ती 37.5 कोटी डॉलरला.

टेपवाला: आणि त्या बातमीतही स्टॅम्पर बंधूच. कॅरल वॉर्डचं नाव मला वाचायला मिळालं ते कंपनीच्या इतिहासातल्या एका ओळीत, तेही "टिमची मैत्रीण" म्हणून.